विश्लेषण : डॉक्टर भेटतो, पण औषध का मिळत नाही?

अमेरिकेत २०२२ मध्ये अमली पदार्थांच्या अतिसेवनाने सुमारे १ लाख ८ हजार बळी घेतले. बहुतांश मृत्यूंना फेंटानिलसारखे अफूवर्गीय पदार्थ कारणीभूत होते. २०२४ मध्ये हा आकडा ८० हजारांच्या आसपास आला. मात्र व्यसनावरील औषध कोणाला मिळते, यातील वर्णभेदाचा प्रश्न कायम आहे.

औषध कोणते?

ब्युप्रेनॉर्फिन. हेरॉइन, फेंटानिल मेंदूत जिथे काम करतात, तिथेच हे औषध चिकटते. पण त्याचा परिणाम मर्यादित असतो. त्यामुळे तलफ आणि नशा सोडताना होणारा त्रास आटोक्यात येतो, मृत्यूचा धोकाही घटतो. मेथाडोन हे जुने औषधही गुणकारी आहे. मात्र व्यसनावरील उपचारासाठी ते नियमितपणे परवानाधारक केंद्रांतूनच मिळते. तिथे, विशेषतः सुरुवातीला, वारंवार हजेरी लावावी लागते. रोजंदारीवरील कामगाराला ते परवडत नाही.

संशोधन काय सांगते?

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अपंगत्वामुळे ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्याचा लाभ घेणाऱ्या रुग्णांची पाहणी झाली. अतिसेवनासारख्या गंभीर प्रसंगानंतर सहा महिन्यांत २३.३ टक्के गोऱ्या रुग्णांना ब्युप्रेनॉर्फिन मिळाले. कृष्णवर्णीयांत हे प्रमाण १२.७ टक्केच होते. विमा तोच होता आणि या काळात दोन्ही गटांतील रुग्ण अनेकदा डॉक्टरांकडे गेले होते. म्हणजे रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाही, एवढ्यावरून या तफावतीचा उलगडा होत नाही.

परवान्याची अट काढून काय झाले?

पूर्वी हे औषध लिहून देण्यासाठी डॉक्टरांना विशेष परवाना लागे. डिसेंबर २०२२ मध्ये ती अट रद्द झाली. त्यानंतर औषध लिहून देणारे डॉक्टर वाढले; रुग्णसंख्येत मात्र फारसा फरक पडला नाही.

अडथळे कुठे?

अनेक औषध दुकाने ब्युप्रेनॉर्फिन ठेवत नाहीत. काही विमा योजनांत आधी मंजुरी घ्यावी लागते. व्यसनी रुग्णाकडे संशयाने पाहण्याची वृत्तीही आड येते.

पुढे काय?

मधुमेह, रक्तदाब यांवर उपचार करणाऱ्या जनरल फिजिशियननेच व्यसनावरही औषध द्यावे, असा तज्ज्ञांचा आग्रह आहे. त्यासाठी प्रशिक्षण, विमा आणि औषध दुकाने या तिन्ही आघाड्यांवर बदल लागतील. कोणत्या गटातील किती रुग्णांना औषध मिळाले, याची नोंद प्रत्येक रुग्णालयाने ठेवली, तर तफावत वेळीच लक्षात येईल.