ग्रीन कार्ड कुठपर्यंत आलं?

आधीच्या नोकरीत दर शुक्रवारी चार वाजता माझी मॅनेजरबरोबर अर्ध्या तासाची वन-ऑन-वन असे. गृहस्थ मराठीच. ऑफिसात आम्ही त्यांना पहिल्या नावानं हाक मारायचो, गणपतीत भेटले की 'अहो' आणि त्यांच्या बायकोला वहिनी. खोलीचं दार लागलं की ते मराठीत यायचे, "काय रे, ग्रीन कार्ड कुठपर्यंत आलं?" आईची तब्येत विचारावी तसा सूर. पाठोपाठ शनिवार-रविवारचं रिलीज माझ्या गळ्यात पडायचं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

कडक साहेब आणि छळणारा साहेब यांत आपण फार गल्लत करतो. मास्तरांच्या छड्या खाऊन मोठे झालेलो आपण. ओरडणारा आपल्या भल्यासाठीच ओरडतोय असं वाटतं. माझी त्याआधीची बॉस डिझाइनचा कागद चार-चारदा परत पाठवायची, पान लाल करून. पण काय चुकलं ते त्या शेऱ्यांत लिहिलेलं असे. एकदा क्लायंटची सिस्टीम झोपली तेव्हा भर बैठकीत "मंजुरी माझी होती" असं तीच म्हणाली. इथे सगळं उलटं. सोमवारी तोंडी सांगितलेलं गुरुवारी "मी असं म्हणालोच नव्हतो". सकाळी पंधरा जणांसमोर "एवढंही जमत नाही?" आणि संध्याकाळी खांद्यावर हात ठेवून "घरचा समजून बोललो रे". रविवारी दुपारी वरणभात कालवताना माझ्या पोटात गोळा यायला लागला. बायकोनं विचारलं तर म्हणायचो, ॲसिडिटी.

मग सोडलं का नाही? आमच्या पिढीतले नव्वद टक्के लोक देतील तेच उत्तर: व्हिसा. (नव्वद हा आकडा माझ्या मनचा.) पण हा व्हिसा आपल्याला नेमका किती बांधतो, हे मी कधी नीट वाचलंच नव्हतं. जे ठाऊक होतं ते कॅफेटेरियात ऐकलेलं, आणि सांगणारेही बहुतेक आमचे मॅनेजरच.

एच-१बी या अमेरिकेतल्या कामाच्या व्हिसावरच्या माणसानं मालक बदलण्याची सोय २००० सालच्या कायद्यात आहे. नव्या कंपनीनं अर्ज दाखल केला की तिथे काम सुरू करता येतं. मंजुरीसाठी थांबावं लागत नाही. नोकरी गेलीच, तर २०१७ पासून जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आय-९४ची (इथे राहायच्या परवानगीची) मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. आय-१४०, म्हणजे कंपनीनं आपल्या ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, मंजूर होऊन १८० दिवस उलटले असतील तर जुन्या कंपनीनं तो मागे घेतला म्हणून सहसा रद्द होत नाही. नव्या कंपनीला पर्मपासून, म्हणजे कामगार खात्याच्या मंजुरीपासून, पुन्हा सुरुवात करावी लागते, पण ग्रीन कार्डाच्या रांगेतली आपली जुनी तारीख शाबूत राहते. मॅनेजर मात्र मला सांगायचे, "आता गेलास तर शून्यापासून." ते धादांत खोटं होतं. त्यांचं स्वतःचं कार्ड याच रांगेतून आलेलं, म्हणजे न कळून बोलले असंही म्हणता येत नाही.

एच-१बीची सहा वर्षं संपत आली आहेत आणि आय-१४० अजून झालेला नाही, अशांची अडचण खरी आहे. त्यांनी राजीनामा फेकावा असं मी सांगणार नाही. त्यांनी वकिलाला स्वतःच्या खिशातून तासाभराचे पैसे द्यावेत. कंपनीचा वकील कंपनीचाही असतो.

एचआरचंही तसंच. तिथली बाई गोड बोलते, पण तिचा पगार कुठून येतो ते विसरू नये. शिवाय नुसता उद्धटपणा, नुसता छळ हा इथल्या फेडरल कायद्यात बेकायदा नाही. वंश, धर्म, लिंग, मूळ देश असं काही कारण त्यामागे असेल तर १९६४च्या नागरी हक्क कायद्याखाली तक्रार करता येते. तीही १८० दिवसांत, बऱ्याच राज्यांत ३०० दिवसांत. तारखा आठवत नसतील तर तिथे उभं राहणं कठीण.

म्हणून वही. मी ड्वेन रीडच्या दुकानातून घेतलेल्या साध्या वहीत रोज चार ओळी लिहायला लागलो: तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, खोलीत कोण होतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर अक्षरही नाही, आणि कंपनीची कागदपत्रं घरच्या ईमेलवर पाठवायची नाहीत. त्यावरूनच काढून टाकतात. तोंडी हुकूम आला की दहा मिनिटांत मेल: "आपलं बोलणं झाल्याप्रमाणे हे काम मंगळवारी देतो, काही बदल असल्यास कळवा." पहिल्याच मेलनंतर त्यांचं "मी म्हणालोच नव्हतो" निम्म्यावर आलं. माणूस सुधारला नाही, सावध झाला. तेवढ्यात मी मुलाखती दिल्या आणि पाचव्या महिन्यात बाहेर पडलो. पगार किंचित कमी मिळाला. गोळा गेला.

आपल्या मराठी मंडळात ढोलाच्या सरावाला महिनाभर हॉल मिळतो. त्यातला एक रविवार इमिग्रेशन आणि कामगार कायद्याच्या वकिलासाठी राखून ठेवावा, अशी मी समितीला विनंती करतो. बोलताना कुणाचं नाव घ्यायची गरज नाही. प्रश्न चिठ्ठीवर लिहून देता येतील.

आणि आपल्यात मॅनेजर झालेले पुष्कळ जण आहेत. त्यांनी आपल्या हाताखालच्या मुलाला ग्रीन कार्डाचं जरूर विचारावं, फक्त त्याच दमात शनिवारचं काम देऊ नये.