अहवाल सभागृहात पोहोचले पाहिजेत

डिचोली-सांखळीच्या डोंगरांतील खनिज बार्जांत भरून मुरगाव बंदरात येताना वास्कोकरांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे. त्यापोटी सरकारी खजिन्यात काय जमा झाले, हे मात्र बंदरावरून दिसत नाही. ते पाहण्यासाठी घटनाकारांनी नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद निर्माण केले. या अधिकाऱ्याचे कार्य न्यायसंस्थेच्या कार्याहूनही महत्त्वाचे आहे, असा अभिप्राय डॉ. आंबेडकरांनी १९४९ साली घटना समितीत व्यक्त केला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच त्यांना पदच्युत करता येते; निवृत्तीनंतर त्यांना सरकारी पद स्वीकारता येत नाही. म्हणजे पदावर बसल्यानंतरच्या स्वातंत्र्याची तजवीज चोख आहे. उणीव आहे ती त्याच्या आधी आणि नंतर.

आधी, म्हणजे नियुक्तीत. ज्याचे हिशेब तपासायचे तेच सरकार तपासनीस निवडते. त्यासाठी निवड समिती घटनेत सांगितलेली नाही. या पद्धतीला आव्हान देणाऱ्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये केंद्राला नोटीस काढली, हे उचितच झाले.

नंतरची उणीव आम्हांस अधिक गंभीर वाटते. १५१ व्या कलमान्वये राज्याचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे ठेवावा लागतो, पण किती दिवसांत, याविषयी घटना मौन पाळते. दिल्लीत चौदा अहवाल असेच अडकून पडले. जानेवारी २०२५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने दिरंगाईबद्दल ताशेरे ओढले, परंतु खास अधिवेशन बोलावण्याचा आदेश दिला नाही. अहवाल सभागृहात येऊ लागले ते सत्तांतरानंतरच.

गोमंतकीयांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. महालेखापरीक्षकांच्या अहवालांची छाननी करणे हे लोकलेखा समितीचे काम. २०११ च्या ऑक्टोबरात या समितीचे अध्यक्ष, त्यावेळचे विरोधी पक्षनेते मनोहर पर्रीकर यांनी बेकायदा खाणकामावरील अहवाल सभापतींकडे दिला. सत्ताधारी सदस्यांच्या सह्या त्यावर नव्हत्या. तो सभागृहापुढे आलाच नाही. पुढे शहा आयोगाने सुमारे ३५ हजार कोटींच्या नुकसानीचा अंदाज वर्तविला आणि २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे खाणकाम बेकायदा होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरविले. तोवर डोंगर पोखरून झाले होते. पक्ष पालटला म्हणून सरकारची सवय पालटते, असेही नाही: पर्रीकरांच्याच पक्षाच्या राजवटीत नूतनीकरण झालेले ८८ खाणपट्टे न्यायालयाला २०१८ मध्ये रद्द करावे लागले.

आता डिचोलीच्या खाणपट्ट्याचा लिलाव होऊन गेला आहे, पेडण्यात मोपाचा विमानतळ खासगी भागीदारीतून उभा आहे. भागीदार खासगी असला तरी जमीन आणि महसुलाचा वाटा जनतेचाच आहे. महसुलात सरकारचा वाटा असलेल्या खासगी दूरसंचार कंपन्यांचे जमाखर्च तपासण्याचा महालेखापरीक्षकांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच मान्य केला आहे. तेच तत्त्व अशा सर्व भागीदारींच्या करारांत स्पष्ट शब्दांत यावयास हवे.

पोर्तुगीज अमदानीत हिशेब विचारण्याची सोयच नव्हती. आज ती आहे. अहवाल हाती पडल्यानंतरच्या पहिल्याच अधिवेशनात तो मांडण्याचे बंधन गोवा सरकारने स्वतःवर घालून घ्यावे. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही आणि दिल्लीची परवानगीही लागत नाही.