हत्ती स्वस्त, चारा महाग

दिवाळी आली की जुनी आलिशान मोटार दारात आणण्याचा बेत आमच्या वसई-विरारमधल्या पुष्कळ घरांत शिजू लागतो. गाडी स्वस्तात मिळते खरी, पण तिचे सुटे भाग मूळच्या तोऱ्यातच विकले जातात!

मी सल्ला विचारणाऱ्यांना एकच सांगतो : किमतीआधी गाडीने पुराचे पाणी पाहिले आहे काय, ते पाहा. जुलै २०१८ मध्ये आपल्याकडे दिवसेंदिवस पाणी तुंबले होते. असल्या पाण्यातून निघालेली गाडी धुऊनपुसून नवरीसारखी नटते. आत वायरिंग मात्र गंजत राहते. म्हणून सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून मातीचा डाग शोधा, गालिचा उचलून वास घ्या, डिकीतल्या जादा चाकाखाली हात फिरवा. हवेच्या फुग्यांवर तोललेली गाडी सकाळी, सुरू करण्याआधी बघा. एखादा कोपरा खाली बसलेला दिसला, तर तिथला फुगा गळत असण्याचा संभव फार. हवा भरता भरता कॉम्प्रेसरही जायचा.

आणि पाण्यात बंद पडलेली गाडी तिथेच पुन्हा सुरू करू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

तेव्हा खरेदीआधी ओळखीच्या मेकॅनिकला चार पैसे द्यायला काचकूच नको. वहिनींच्या पाटल्या त्यातच वाचतात!