रिद्धपूरचे मठ, मराठीचे विद्यापीठ आणि आपण

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन करण्याची घोषणा महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या अर्थसंकल्पात केली. त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि २०२४ मध्ये डॉ. अविनाश आवलगावकर यांची पहिले कुलगुरू म्हणून नियुक्ती झाली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. या घटनांचे स्वागत यथोचित झाले. परंतु ज्या मठांमुळे एका लहानशा गावाला हा मान मिळाला, त्या मठांचे आज काय उरले आहे आणि जे उरले आहे त्याचे पुढे काय होणार, या प्रश्नाकडे आपल्या भाविकांनीही लक्ष द्यावे, असे वाटते.

तिवसा परिसरातील वाचकांना तर हा विषय घराशेजारचा आहे. तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे, रुक्मिणीचे माहेर म्हणून ते प्रसिद्ध आहे. नागपूर रस्त्यावर मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम आहे. रिद्धपूर शेजारच्या मोर्शी तालुक्यात येते. आपल्या धर्मग्रामांच्या सहली वेलंकनीला जातात, जुन्या गोव्याला जातात, वसईचा किल्लाही पाहून येतात. मराठीतील मध्ययुगीन संन्यस्त जीवनाचे एक मोठे केंद्र मात्र एसटीच्या टप्प्यात असूनही बहुतेकांनी पाहिलेले नसते.

रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महास्थान होय. तेराव्या शतकात येथे श्रीगोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, राहत. पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी त्यांना गुरुस्थानी मानीत. गोविंदप्रभूंचे वागणे लोकांना वेडसर वाटे. सोवळेओवळे न पाळता ते गावभर, सर्व जातींच्या वस्त्यांत वावरत. ख्रिस्तासाठी वेडे ठरण्याविषयी संत पौलाने करिंथकरांना जे लिहिले, त्याची येथे सहज आठवण होते. पूर्वेकडील ख्रिस्तसभेत अशा ‘वेड्या’ संतांची मोठी परंपराच आहे. दोन्ही परंपरांची तत्त्वे वेगळी आहेत, ती एक करू नयेत. पण साम्य डोळ्यांआड करण्याचेही कारण नाही.

चक्रधरस्वामींनी महाराष्ट्र सोडला ते साल सामान्यतः १२७४ मानले जाते. योगायोग असा, की त्याच वर्षी युरोपात संत थॉमस अक्विनास यांचे निधन झाले. स्वामींच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य आणि इतर अनुयायी रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिले. येथेच म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी ज्याच्यात्याच्या तोंडून ऐकून, पडताळून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. महदाइसेने ‘धवळे’ रचले, तेही येथेच, गोविंदप्रभूंसाठी. आणि त्यांचा विषय रुक्मिणीचे लग्न, म्हणजे आपल्याच कौंडिण्यपूरची कथा. मराठीतील पहिली कवयित्री म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती संन्यासिनी होती, ही बाब आपल्या धर्मभगिनींना विशेष जवळची वाटावी.

पंथातील पंडितांना संस्कृतात लिहिण्याची इच्छा होती. सामान्य वृद्ध बायाबापड्या ज्ञानाला मुकतील, म्हणून नागदेवाचार्यांनी ती मान्य केली नाही. लोकभाषेचा हा निर्णय तेराव्या शतकातला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाव देणारा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, तेव्हा ओवी या छंदाला मराठीत काही शतकांचा इतिहास होता. ज्या मराठीत आज आपण मिस्सा ऐकतो, तिच्या गद्याचा पाया घालणाऱ्यांमध्ये रिद्धपूरचे हे भिक्षू आणि भिक्षुणी आहेत. त्यामुळे हे स्थळ केवळ ‘दुसऱ्यांचे’ म्हणून सोडून देता येत नाही.

आता अवशेषांविषयी. युरोपातील भग्न मठांची छायाचित्रे पाहिलेल्या माणसाचा रिद्धपूरला विरस होण्याचा संभव आहे. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ बरखास्त केले, छते उतरवली, शिसे विकले; हिरवळीत उभ्या राहिलेल्या त्या कमानी आता पर्यटनाचा विषय आहेत. जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाची कथा तशीच. १८३५ मध्ये पोर्तुगीज शासनाने तेथील धर्मसंघ बंद केले, १८४२ मध्ये मंदिराचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचा मोठा भाग पडला. रिद्धपूर असे रिकामे झालेले नाही. ते जिवंत तीर्थक्षेत्र आहे. जुने आणि नवे तेथे एकमेकांत मिसळलेले आहे. गोविंदप्रभूंच्या वास्तव्याचा राजमठ आजही भाविकांच्या वंदनाचे स्थान आहे.

शिवाय महानुभावांची स्मृती वास्तूपेक्षा भूमीला अधिक चिकटलेली आहे. आरंभीच्या नियमांप्रमाणे भिक्षूने एका जागी घर करायचे नव्हते. भिक्षा मागत फिरत राहायचे होते. संत बेनेडिक्टच्या नियमावलीत मठ न सोडण्याचे व्रत आहे. येथे नेमके उलट. म्हणून पूज्य ठरली ती स्वामी जेथे बसले, निजले, जेवले ती जागा. तिच्यावर ओटा बांधला जातो आणि भाविक त्या ओट्याला नमस्कार करतात. या जागा विसरल्या जाऊ नयेत म्हणून चौदाव्या शतकाच्या सुमारास ‘स्थानपोथी’ लिहिली गेली. कोणत्या गावी कोणते देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेला, मठ त्याच्या कोणत्या बाजूस, अशी ती नोंद आहे. पोथी लिहिणाऱ्यांचा हेतू भक्तीचा होता, पण आज यादवकालीन देवळांचा अभ्यासक ती नकाशासारखी वापरतो. वऱ्हाडचेच सुपुत्र डॉ. वि. भि. कोलते यांनी तिचे संपादन केले, ‘लीळाचरित्रा’चेही केले.

या पार्श्वभूमीवर आजची चिंता स्पष्ट होते. आपल्या राज्यात जीर्णोद्धार म्हणजे बहुधा जुने दगड काढून काँक्रीट ओतणे, वर चकचकीत फरशी बसवणे आणि शिल्लक शिल्पांना तैलरंग फासणे. हे सर्व श्रद्धेने घडते, यात शंका नाही. आपल्या काही जुन्या चर्चवास्तूंचेही असेच झाले आहे, हेही मान्य करावयास हवे. परंतु ‘दार पूर्वेस’ असे पोथी म्हणते तेव्हा ते दार सापडले तरच पोथीचा अर्थ लागतो. विद्यापीठ आले की रस्ते, वसतिगृहे, दुकाने, जमिनीचे भाव हे सारे मागोमाग येणार. ते यावेही, मोर्शी-तिवसा भागातील तरुणांना त्याची गरज आहे. पण पायाचे खोदकाम सुरू होण्यापूर्वी स्थानपोथीतील जागांची प्रत्यक्ष मोजणी व नोंद झाली पाहिजे.

कायदा येथे अर्धाच उपयोगी पडतो. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत ते नियंत्रित आहे. हे संरक्षण यादीत नाव असलेल्या वास्तूला मिळते. वसईचा किल्ला त्या यादीत असल्यामुळे फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, येशूसंघीय यांच्या मठांच्या भिंती निदान उभ्या आहेत. शेताच्या बांधावरील ओटा अशा यादीत सहसा येत नाही.

नोंदीचे महत्त्व गोव्यानेच दाखवून दिले. जॉर्जियाच्या केटेव्हान राणीला १६२४ मध्ये शिराझ येथे विश्वासासाठी मरण आले. ऑगस्टिनियन मिशनऱ्यांनी तिचे अवशेष गोव्याला आणले आणि मठात कोठे ठेवले हे लिहून ठेवले. मठ पडला, कागद टिकले. त्यांच्या आधारे भारतीय पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, २०१३ मध्ये जनुकीय चाचणीने ओळख पटली आणि २०२१ मध्ये पवित्र अवशेष जॉर्जियाला देण्यात आले. रिद्धपूरबाबत उलटी कथा सांगतात. म्हाइंभटांची मूळ प्रत खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत हरवली आणि अनुयायांनी ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा केला. म्हणून त्याचे अनेक पाठ आढळतात.

‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राला २०२५ मध्ये साठ वर्षे झाली. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, ही त्यातील भूमिका सभागृहातील चर्चासत्रांत आपण वारंवार ऐकतो. वऱ्हाडातील धर्मग्रामांनी ती रिद्धपूरच्या वाटेवर आजमावून पाहावी. भेट देणाऱ्यांनी आधी तेथील महंतांना कळवावे. स्थानावर पादत्राणे काढावीत आणि ओट्यावर बसू नये. तो कट्टा नव्हे. छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी विचारावी. युवकमंडळ बरोबर असेल तर प्रत्येक जुन्या दगडाचे, कोरीव खांबाचे आजच्या तारखेसह छायाचित्र घेऊन ते महंतांच्या संमतीने विद्यापीठाकडे पाठवावे. एका दिवसात होण्याजोगे हे काम आहे, आणि पावसाळ्यापूर्वी केल्यास गवत वाढलेले नसते.