सोळापैकी किती?

एरवी या सदरात आम्ही मिक्सरची पाती, शिलाईयंत्राचा दोरा आणि गच्चीवरच्या टाकीचा पंप यांच्यापलीकडे फारसे जात नाही. दिवाळीच्या अंकात मात्र मोटारीकडे वळावे लागत आहे, आणि त्याला कारण नाशिकच्या एका वाचक भगिनींचे पत्र. पत्र मोठे आहे. त्यातला मतलब एवढाच :

‘आमचा धाकटा कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. शिकलेला आहे, कमावता आहे, व्यसन कसले नाही. पण त्याने २००२ सालची जुनी सुबारू मोटार घेतली आहे आणि शनिवारी केव्हाही फोन करा, तो गॅरेजात असतो. मोटारीत बसलेला, मांडीवर लॅपटॉप. काय चाललंय विचारलं की म्हणतो, “आई, ट्यूनिंग.” पेटीचा सूर लावतात हे मला ठाऊक आहे. मोटारीचा सूर बिघडला असेल तर तिला मेकॅनिककडे का नेत नाही? आणि या उद्योगात धोका आहे का, तेवढं स्पष्ट सांगावं.’

बाई, मोटारीचा सूर बिघडलेला नाही. कारखान्याने तो उत्तम लावून दिला होता. आपले चिरंजीव पट्टी चढवीत आहेत. काळी दोनमध्ये चाललेले गाणे काळी चारमध्ये नेले, तर तंबोऱ्याच्या तारेवर जो ताण येतो, तोच येथे लोखंडावर येतो. धोका आहे की नाही, याचे उत्तर ‘आहे’ असेच. पण तो नेमका कोठे आहे, हे समजले तर निम्मी काळजी कमी होईल आणि उरलेली निम्मी योग्य जागी लागेल.

पेट्रोल जाळायला हवा लागते, आणि ती वजनाने मोजतात : एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. जास्त ताकद पाहिजे म्हणून नुसते जास्त पेट्रोल ओतून भागत नाही. त्या प्रमाणात हवाही कोंबावी लागते. लोहार भाता ओढतो तो याचसाठी. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या इंजिनियराने १९०५ साली जे पेटंट घेतले, त्यातली खुबी अशी की हा भाता दुसऱ्या कोणी ओढायचा नाही. भट्टीतून वाया जाणाऱ्या धुरानेच तो ओढायचा. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चक्रे. एक धुराच्या वाटेत, दुसरे हवेच्या वाटेत. धूर पहिल्याला फिरवतो, ते दुसऱ्याला फिरवते आणि दुसरे इंजिनात हवा दाबते. हाच टर्बो. मिनिटाला लाखावर फेरे घेणारी ही चीज तळहातावर मावेल एवढी असते. हवा दाबली की तापते, हे सायकलला पंप मारणाऱ्या कोणालाही माहीत आहे. म्हणून ती वाटेत इंटरकूलर नावाच्या जाळीतून थंड करून आत सोडतात. चिरंजीवांच्या सुबारूच्या बॉनेटवर जी मोठी नाकपुडी दिसते, ती त्या जाळीला वारा मिळावा म्हणून.

मोटारींच्या दुनियेत हा भाता विक्रीला आला तो १९६२ साली, अमेरिकेत. शेव्हरोलेची कॉर्वेअर आणि ओल्ड्समोबिलची जेटफायर, अशा दोन गाड्यांवर. पैकी जेटफायरची हकीकत सांगण्यासारखी आहे. तिच्या इंजिनात आधीच हवा चांगली दाबली जात असे. त्यात टर्बोची भर पडली, की पेट्रोल अवेळी भडकण्याची भीती. म्हणून कंपनीने पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण भरलेली एक टाकी दिली. ते मिश्रण थोडे थोडे आत जाऊन इंजिन थंड ठेवी. मालकाने फक्त टाकी रिकामी झाली की भरायची. पण मालक ती भरीनात! टाकी रिकामी झाली की आपोआप दाब कमी करणारी झडप कंपनीने शहाणपणाने बसवलीच होती. तेव्हा मालकांची तक्रार, की गाडी ओढत नाही. पुढे कित्येक जेटफायरांवरचे टर्बो उतरवून साधे कार्ब्युरेटर बसवण्यात आले.

ही जुनी गोष्ट एवढ्यासाठी सांगितली, की मोटारीचा कारखाना इंजिनापेक्षा मालकाला जास्त ओळखतो. मालक स्वस्त पेट्रोल भरणार, तेल बदलायला विसरणार, भर उन्हाळ्यात चार माणसे आणि सामान घेऊन घाट चढणार, हे त्याने गृहीत धरलेले असते. म्हणून इंजिन जेवढी ताकद देऊ शकते, तेवढी तो मागत नाही. थोडी शिल्लक ठेवतो. आपल्या चिरंजीवांच्या गाडीला कारखान्याने २२७ घोड्यांची ताकद दिली. नुसते आकडे बदलून, एकही स्क्रू न फिरवता, त्यात साधारण २०-३० घोड्यांची भर पडते. हे घोडे कोठून आले? त्या शिलकेतून. गॅरेजातले तरुण म्हणतात, कंपनीने ताकद दडवून ठेवली होती. आमचे मत निराळे आहे. आईने डब्यात बाजूला टाकलेल्या पैशांना दडवलेले पैसे म्हणत नाहीत.

आता लॅपटॉपचे काम. इंजिनावर एक लहानसा संगणक राज्य करतो. त्याच्या पोटात उजळणीच्या पुस्तकासारखी कोष्टके असतात : इंजिनाचे फेरे इतके आणि आत जाणारी हवा इतकी असेल, तर पेट्रोल किती सोडावे, ठिणगी किती अंश आधी टाकावी, टर्बोचा दाब किती चढू द्यावा. सुबारूच्या हौशी मंडळींनी ही कोष्टके उलगडली आणि ती वाचण्या-बदलण्याचा रॉमरेडर नावाचा कार्यक्रम सर्वांना फुकट खुला केला. गाडीच्या डॅशबोर्डखाली एक खोबण असते. अमेरिकेत १९९६ पासूनच्या सर्व मोटारींना ती सक्तीची आहे. तिच्यात केबल लावायची, शेजारची दोन हिरवी टोके एकमेकांत अडकवायची आणि नवी कोष्टके आत भरायची. काम मिनिटांचे, पण त्या मिनिटांत बॅटरी बसली तर संगणक अर्धवट लिहिलेला राहतो आणि गाडी जागची हलत नाही. शहाणा मुलगा आधी बॅटरीला चार्जर जोडतो.

खरा धोका ठिणगीच्या कोष्टकात आहे. बोरघाट चढताना टॉप गिअरमध्ये अडकलेल्या जुन्या फियाटमधून कडकड असा आवाज आलेला वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल. ड्रायव्हर म्हणे, ‘इंजिन ठोकतंय,’ आणि गिअर उतरवी. सिलिंडरमधले मिश्रण ठिणगीपासून क्रमाने जळत जाण्याऐवजी कोपऱ्यातला भाग आपणहून एकदम भडकतो, त्याचा तो ठोका. जुन्या इंजिनात तो ऐकून सोडून देता येई. टर्बोच्या इंजिनात दाबच इतका असतो, की काही थोड्या जोरदार ठोक्यांत पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तुटू शकते. मग इंजिन उतरवा, उघडा, पिस्टन बदला. जुन्या गाडीच्या बाबतीत तो खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो.

म्हणून इंजिनाला एक कान बसवलेला असतो. ठोका ऐकू आला की संगणक ठिणगी मागे घेतो. आणि सुबारूच्या इंजिनियरांनी यापुढे जाऊन जे केले आहे, ते आम्हांला फार आवडले. त्यांच्या संगणकाने पेट्रोलवर आणि इंजिनावर किती विश्वास टाकावा, याचा एक अंक ठेवला आहे. २००२च्या गाडीत तो जास्तीत जास्त १६. संगणकाची स्मृती पुसली की तो ८ वर येतो, म्हणजे निम्मा विश्वास. ठिणगीची जी वाढीव घाई कोष्टकात लिहिलेली असते, तिचा निम्माच भाग तो वापरतो. गाडी चालवता चालवता ठोका ऐकू आला नाही, की अंक चढत चढत १६ वर जातो. पेट्रोल वाईट भरले, किंवा मालकाने हाव केली, की खाली येतो. दर शनिवारी परीक्षा आणि दर शनिवारी निकाल, असा हा प्रकार आहे.

तेव्हा बाई, पुढच्या फोनला ‘काय चाललंय’ असे विचारू नका. ‘सोळापैकी किती?’ असे विचारा. चिरंजीव क्षणभर गप्प होतील. नंतर ‘सोळा’ म्हणाले, तर एक पोटप्रश्न विचारायचा : ‘कान शाबूत आहे ना?’ कारण काही महाभाग असे असतात, की जे ठोका बंद करण्याऐवजी कोष्टकात फेरफार करून संगणकाला बहिरा करतात. परीक्षकाच्या कानात बोळे घातल्यावर सोळा गुण कोणालाही मिळतात. त्याला एक सबबही असते : सैल झालेला पत्रा किंवा एखादा ढिला नट खडखडला तरी संगणकाला तो ठोकाच वाटतो. सबब खोटी नाही. पण मग नट आवळावा.

हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचेही असेच. पूर्ण दाबावर १४.७चे प्रमाण चालत नाही. इंजिन थंड राहावे म्हणून पेट्रोल जास्त सोडून ते ११-१२ वर आणावे लागते. गाडीतला मूळचा सेन्सर १४.७च्या आसपासच नीट बोलतो. त्याखाली तो अंदाजपंचे. तेव्हा धुराच्या नळीत ‘वाइडबँड’ नावाचा निराळा सेन्सर बसवल्याशिवाय जो आकडे बदलतो, तो डोळ्यांवर पट्टी बांधून फोडणी करतो. हवेची गाळणी बदलणे हे तर अगदी निरुपद्रवी वाटते; पण तिच्याशेजारीच हवा मोजणारी तार असते. गाळणीचा घाट बदलला की तारेचे माप चुकते, आणि इंजिनाला जेवढी हवा मिळते त्यापेक्षा कमी मिळाल्याचा समज होऊन पेट्रोल कमी सोडले जाऊ शकते. चकचकीत गाळणी घेऊन इंजिन गमावायचे!

येथवर धोका पैशाचा होता. आता जिवाचा. बदललेले आकडे पारखायला गाडी तिसऱ्या गिअरमध्ये २५०० फेऱ्यांपासून ६५०० पर्यंत पूर्ण दाबून न्यावी लागते. हौशी लोक हे रात्री मोकळ्या रस्त्यावर करतात. या सुबारूत तिसऱ्या गिअरला ६५०० फेरे म्हणजे ताशी १४० किलोमीटरच्या आसपास. कॅलिफोर्नियाच्या बहुतेक महामार्गांवर मर्यादा १०५ची. आणि ड्रायव्हरचे अर्धे लक्ष मांडीवरच्या पडद्यावर. आमच्या मते सगळ्या छंदातला हा एकच भाग असा आहे, की जो आईने साफ बंद पाडावा. गाडी जागेवर उभी ठेवून चाके रुळांवर फिरवणारी यंत्रे भाड्याने मिळतात. एका दिवसाचे भाडे जाईल, जाऊ दे. रस्त्यावर दुसऱ्या कोणाचे चिरंजीवही असतात.

कायद्याचाही विचार त्याने केलेला असावा. कॅलिफोर्नियात मोटारींची ठरावीक मुदतीने धुराची तपासणी होते, आणि २०२१च्या जुलैपासून तीत संगणकातली कोष्टके कारखान्याची आहेत की बदललेली, हेही पाहतात. मान्यता नसलेली सापडली तर गाडी नापास. तेथे सोळा गुण उपयोगी पडत नाहीत. म्हणून पहिल्या दिवशीच मूळ कोष्टकांची नक्कल काढून दोन जागी ठेवावी लागते.

पत्र एका घरचे असले तरी पुण्या-मुंबईचे काही वाचक एव्हाना मनात हिशेब करू लागले असतील, हे आम्ही ओळखून आहो. आपल्याकडेही आता टर्बोच्या पेट्रोल मोटारी पुष्कळ झाल्या. २०१३ साली चाकणच्या फोक्सवॅगनने पोलो जीटी टीएसआय आणली, तेव्हापासून तर या हौसेला घरचाच घोडा मिळाला. तिचे इंजिन १०५ घोड्यांचे, आकार जेमतेम बाराशे घनसेंटिमीटर. अशा गाडीसाठी तयार कोष्टकांची फाईल इंटरनेटवरून विकत घेऊन घरी भरणारे तरुण आहेत. त्यांना आमचे एवढेच सांगणे, की परदेशची फाईल हा दुसऱ्याच्या अंगाचा सदरा आहे. युरोपात ती ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवर आणि गार हवेत बेतलेली असू शकते. आपण ती मे महिन्यात सोलापूरच्या रस्त्यावर घालणार. अमेरिकेतली असेल तर आणखी घोटाळा. तेथे ऑक्टेन मोजण्याची रीत वेगळी असल्यामुळे त्यांचे ९१ म्हणजे आपल्या मापाने ९५-९६ होते. त्यात आता आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल ठोक्याला चांगलेच आवर घालते, हे त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे. पण तेवढ्याच हवेला ते जास्त लागते. १४.७चे प्रमाण साडेतेराच्या आसपास उतरते. एरवी संगणक हा फरक स्वतः सांभाळून घेतो. पूर्ण दाबावर तो कोष्टकावर जास्त विसंबतो, आणि नेमके तेच कोष्टक आपण बदललेले असते.

आपल्याकडचा कायदा तर कॅलिफोर्नियापेक्षा थोडक्यात बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली गाडी कारखान्याच्या मूळ नमुन्यापेक्षा निराळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तसा निकाल दिला. गाडी वॉरंटीत असली आणि कंपनीच्या माणसाने केबल लावली, तर बदललेली फाईल लपून राहीलच अशी खात्री कोणी देऊ नये. ज्याला आकड्यांशी खेळायचेच आहे, त्याने आधी महिनाभर काही न बदलता नुसते वाचावे. केबल स्वस्त मिळते. खंडाळ्याच्या चढावर हवा किती तापते, कोणत्या पंपाच्या पेट्रोलवर ठिणगी मागे येते, दुपारी आणि पहाटे काय फरक पडतो, हे सगळे वहीत उतरवता येते, आणि यात इंजिनाचे काहीही जात नाही.