वाचलेला वेळ कुणाचा?

परदेशी भाषेचा वर्ग म्हटला की एके काळी टेपरेकॉर्डर आलाच. शिक्षक कॅसेट मागेपुढे करणार, सगळा वर्ग तोच संवाद पुन्हा पुन्हा ऐकणार आणि ज्याला तो पहिल्या फटक्यात कळला, तो जांभया देणार. आता तो संवाद मूडल या ऑनलाइन शिक्षणप्रणालीवर असतो. ज्याला हवा त्याने घरी दहादा ऐकावा.

मूडल मूळचं ऑस्ट्रेलियातल्या पर्थचं. तिथल्या कर्टिन विद्यापीठातल्या मार्टिन डुगियामास यांनी ते घडवलं. पहिली आवृत्ती २००२ची. फुकट असल्याने ते जगभरच्या विद्यापीठांत पोचलं. घोकंपट्टी करून घेण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. जर्मन नामाला डेर, दी की दास यांतलं कोणतं लिंगदर्शक उपपद लागतं, हे ते न कंटाळता विचारत राहतं. मात्र शिक्षकाने आधी भरून ठेवलेली उत्तरंच त्याला बरोबर वाटतात. स्वरावरच्या उम्लाउटच्या दोन टिंबांऐवजी पुढे 'ई' हे अक्षर जोडलं, तर जर्मन माणूस समजून घेतो. मूडल शून्य देतं.

आपल्याकडे २०१७पासून 'स्वयम' हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं सरकारी व्यासपीठ आहे. त्यावर आयआयटीतल्या प्राध्यापकांचे जर्मन आणि जपानीचे अभ्यासक्रम झाले आहेत. तालुक्याच्या गावातल्या ज्या मुलीला परदेशी भाषा शिकायला पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रोज येणं शक्य नाही, तिच्यासाठी ही मोठीच सोय. पण यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयमवरून घेता येतात, आणि भाषेच्या बाबतीत मला याचीच धास्ती वाटते. ही सवलत दिसली की एखाद्या प्राचार्यांना आधी शिक्षकाचा पगार वाचलेला दिसेल.

शिक्षकाशिवाय काय राहून जाईल, हे कळायला मॅक्सम्युल्लर भवनाची जर्मनची अगदी पहिली, ए१ची परीक्षा पाहा. तिथेही तोंडी भाग आहेच: स्वतःची ओळख करून द्या, चिठ्ठीवरच्या शब्दावरून शेजारच्याला प्रश्न विचारा, एखादी वस्तू मागा. समोरचा काय उत्तर देईल ते आधी ठाऊक नसतं. याचा सराव व्हिडिओ पाहून होत नाही. त्याला समोर अडखळणारा दुसरा माणूसच लागतो.

म्हणून हिशेब सरळ ठेवावा. ऐकणं, रिकाम्या जागा, शब्दपाठांतर घरी, पडद्यावर. वर्गातला तास निव्वळ बोलण्याचा, आणि तुकडी वीसच्या आत. स्वाध्याय तयार करण्यात आणि मुलांची ध्वनिमुद्रणं ऐकण्यात शिक्षकाची जी संध्याकाळ जाते, ती कार्यभारात धरावी. मूडलने वाचवलेला वेळ विद्यार्थ्याच्या बोलण्याला मिळाला, तरच हा खटाटोप कामाचा. तो वेळ शिक्षकांच्या जागा कमी करण्यात गेला, तर जर्मनच्या प्रमाणपत्रावर ए१ असेल आणि म्युनिकच्या विमानतळावर आपला पदवीधर इंग्रजीतच रस्ता विचारेल.