गाळपाचीं चाकें आणि सभासदांचा प्रश्न

गळिताचा हंगाम आटोपून कारखान्याचें धुराडें थंड झालें, म्हणजे सभासद शेतकऱ्यांत दोनच विषयांची चर्चा चालते. एक दराची व दुसरी उताऱ्याची. दोन्ही विषय महत्त्वाचे आहेत, हें कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु त्या दोहोंच्या मुळाशीं असलेला तिसरा विषय, म्हणजे हंगामांत कारखाना किती तास अवचित बंद पडला व कां बंद पडला, हा वार्षिक सभेंत क्वचितच निघतो. निघालाच तर अहवालांतील 'यांत्रिक बिघाड' या दोन शब्दांवर त्याची बोळवण होते. आमच्या मतें ही बोळवण सभासदांनीं यापुढें मान्य करूं नये.

विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं १९५० सालीं प्रवरेकांठीं शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना सुरू झाला, आणि तेव्हांपासून महाराष्ट्रांतील ऊंस पिकविणारा हा ऊंस गाळणाऱ्या यंत्रांचाहि धनी झाला. आपल्या बैलाचा खूर दुखावला तर त्याच दिवशीं ओळखणारा हा धनी आपल्या कोट्यवधि रुपयांच्या यंत्रांची विचारपूस मात्र करीत नाहीं. तीं इंजिनियरचीं, आपलीं नव्हेत, अशी त्याची समजूत झालेली दिसते.

ऊंस हा वखारींत थप्पी लावून ठेवण्याचा माल नव्हे. तोडल्यावर चोवीस तासांच्या आंत तो गाळला जावा असा जाणत्यांचा दंडक आहे. पुढें रसांतील साखरेचें विघटन वाढत जातें, जंतूंच्या शिरकावानें रस चिकट होतो, वजन घटतें तें निराळेंच. दररोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्याचा वेग तासास २०८ टनांचा पडतो. असा कारखाना एखाद्या बेअरिंगपायीं आठ तास उभा राहिला, तर सुमारें १,६६० टन ऊंस गाळावाचून राहतो. एकरीं ४० टनांचें पीक धरलें तर तें ४० एकरांहून अधिक रान झालें. गाड्या गव्हाणीपुढें वाळत उभ्या राहतात, टनावर मजुरी घेणारा तोडणी कामगार रिकाम्या हातांनीं बसून राहतो, आणि ज्याची पाळी पुढच्या आठवड्यांत होती त्याचें रान मोकळें होण्यास तितकाच उशीर लागतो. सरकारनें ठरविलेला रास्त व किफायतशीर दर उताऱ्याशीं बांधलेला असल्यामुळें शिळ्या उंसाची झळ शेवटीं दरालाहि लागते. म्हणून बेअरिंगचा प्रश्न हा दराचाच प्रश्न आहे.

फिरणाऱ्या यंत्राचें दुखणें बहुधा लहानशा गोष्टींतून उद्भवतें. गाळपाचे रूळ मिनिटास चार-पांच फेरे घेतात. त्यांच्यावरचा भार प्रचंड, पण गति संथ. याच्या उलट ऊंस कुटणारें फायब्रायझर मिनिटास हजाराच्या आसपास फेरे घेतें, आणि वाफेचें टर्बाइन तर कित्येक हजार. वेग दुप्पट झाला कीं तोल गेल्यामुळें पडणारा ओढा चौपट होतो, हा निसर्गाचा नियम आहे. फायब्रायझरच्या दांड्यावर हातोड्यांच्या रांगा असतात. उंसाबरोबर आलेली माती, वाळू व प्रसंगीं लोखंडाचा तुकडा यांनीं ते झिजतात. दांड्याच्या मध्यापासून पाऊण मीटरवर असलेला एक हातोडा समोरच्या हातोड्यापेक्षां केवळ एक किलोनें हलका झाला, तर मिनिटास १,००० फेऱ्यांच्या वेगांत त्या एका किलोच्या फरकाचा ओढा सुमारें ८४० किलोंच्या भाराएवढा होतो. आणि हा भार एका जागीं स्थिर न राहतां प्रत्येक फेऱ्याबरोबर दिशा बदलीत बेअरिंगला हिसके देतो. मोळींत माती जाऊं देऊन वजन वाढवूं पाहणाऱ्या आमच्या कांहीं बंधूंनींहि हा हिशेब ध्यानीं घ्यावा.

दुसरें दुखणें दोन दांड्यांची रेषा न जुळण्याचें. विहिरीवर पंप बसवितांना मोटरीच्या पायाखालीं अंदाजानें पत्र्याचे तुकडे सरकविले, तर तिचें बेअरिंग दोन उन्हाळेहि नीट काढीत नाहीं, याचा अनुभव पुष्कळांस असेल. कारखान्यांत तेंच मोठ्या प्रमाणावर घडतें. रेषा चुकली कीं बेअरिंगवर नको तो भार पडतो, आणि बॉल बेअरिंगचें आयुष्य भाराच्या घनाच्या उलट प्रमाणांत घटतें, असें लुंडबर्ग व पाल्मग्रेन या स्वीडनमधील संशोधकांनीं १९४७ सालीं दाखवून दिलें. म्हणजे भार सव्वापट झाला कीं आयुष्य निम्में. तिसरें दुखणें वंगणाचें. वंगण कमी पडलें तर बेअरिंग जळतें, हें सर्वांस ठाऊक आहे. गरजेपेक्षां अधिक ग्रीस कोंबल्यानेंहि तें तापतें, आणि तेलांत पाणी किंवा चिपाडाचा भुसा गेला तर तें तेलच घांसण्याच्या पावडरीसारखें काम करतें, हें फार थोड्यांस ठाऊक असतें.

समाधानाची गोष्ट अशी कीं, असलीं यंत्रें बहुधा आधीं सूचना देऊन मगच बंद पडतात. जुना फिटर स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक यंत्राला टेकवून मूठ कानाला लावी व आंतील दुखणें सांगे. त्या कानाला मापाची जोड देण्याचें काम अमेरिकेंत १९३९ सालीं एका विमा कंपनीचे अभियंते टी. सी. रॅथबोन यांनीं केलें. कंपन किती असलें म्हणजे यंत्र निरोगी व किती असलें म्हणजे धोक्याचें, याचा तक्ता त्यांनीं प्रसिद्ध केला. आज यासाठीं आंतरराष्ट्रीय मानकांचीं कोष्टकें आहेत. भक्कम पायावर बसविलेल्या ३०० किलोवॅटहून मोठ्या यंत्रास सेकंदास ४.५ मिलिमीटरपर्यंतचें कंपन दीर्घ काळ चालविण्यास योग्य मानतात, ७.१ मिलिमीटरच्या वर तें हानिकारक समजतात. हें माप हातांत धरण्याजोग्या उपकरणानें पांच मिनिटांत घेतां येतें. संथ फिरणाऱ्या रुळांस तें फारसें लागू पडत नाहीं. तेथें बेअरिंगची उष्णता व तेलाची तपासणी हीच खरी परीक्षा होय. एक दिवसाचें माप पाहून फारसा बोध होत नाहीं, हें मात्र खरें. गेल्या आठवड्यांत तीन होतें व आज पांच झालें, ही वाढच बोलकी असते, आणि ती कळण्यास नोंदवही नियमानें भरलेली असावी लागते.

आतां मुख्य मुद्यास येऊं. उपकरण आहे, वही आहे, माप वाढल्याचेंहि दिसतें आहे. तरी गाळप चालूच राहतें. असें कां होतें? गाड्यांनीं तळ भरलेला असतो, सभासद फाटकाशीं उभे असतात, संचालकांस दूरध्वनीमागून दूरध्वनी येत असतात. अशा वेळीं चार तास गाळप थांबवून बेअरिंग बदलूं या, असें म्हणण्याची छाती कोणत्या इंजिनियरास होईल? थांबविलें तर त्याचा दोष त्याच्या माथीं येतो. न थांबवितां यंत्र फुटलें तर तें नशिबाच्या माथीं जातें. हा न्याय उलटा आहे, आणि तो आपण सभासदांनींच निर्माण केलेला आहे. आगाऊ ठरवून घेतलेल्या बंदांत तोडणी आदल्या दिवशींच आंखडतां येते, सुटा भाग हाताशीं ठेवतां येतो, भांड्यांची सफाई त्याच वेळांत उरकतां येते. अवचित बंदांत यांपैकीं कांहींच साधत नाहीं. शिवाय फुटलेलें बेअरिंग जातांना दांडाहि बरोबर घेऊन जातें. म्हणून माप मर्यादेबाहेर गेल्यास गाळप थांबविण्याचा अधिकार मुख्य इंजिनियरास लेखी ठरावानें द्यावा, व त्या मर्यादा हंगामापूर्वींच ठरवून ठेवाव्या, असें आमचें स्पष्ट मत आहे. भर हंगामांत, गाड्या उभ्या असतां, मर्यादेवर वाद घालणें व्यर्थ होय.

बिगर हंगामांतील दुरुस्तीविषयींहि एक समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. सर्व यंत्रें दरवर्षीं पूर्णपणें खोललीं म्हणजे पुढचा हंगाम निर्धास्त, असें मानण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. अमेरिकेंतील विमानांच्या देखभालीचा अभ्यास करून नोलन व हीप यांनीं १९७८ सालीं जो अहवाल दिला, त्यांत तपासलेल्या भागांपैकीं शेंकडा ११ भागांचाच बिघाड वयाशीं निगडित आढळला. उलट शेंकडा ६८ भाग नवे असतांना किंवा नुकतेच बसविल्यावर अधिक बिघडतात, असें दिसून आलें. विमानाची गोष्ट कारखान्यास जशीच्या तशी लावतां येणार नाहीं. रूळ, हातोडे व दांते झिजतातच. ते हंगामागणिक पाहिलेच पाहिजेत. परंतु ज्या पंपाचें माप हंगामभर एका रेषेंत राहिलें, तो केवळ वहिवाट म्हणून खोलून, धुळींत ठेवून, हातोडीनें बेअरिंग ठोकून पुन्हां जोडणें म्हणजे बऱ्या माणसावर शस्त्रक्रिया करण्यासारखें आहे. हा पैसा रेषा जुळविण्याच्या साधनांवर, तोल साधण्यावर व स्वच्छ तेलावर खर्च होईल तर अधिक बरें.

खरेदीविषयीं थोडेंच सांगतों. बेअरिंग घेतांना सर्वांत कमी भावाची निविदा स्वीकारल्यानें कागदोपत्रीं बचत दिसते. बाजारांत नामांकित छापाचा बनावट माल येतो, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांनीं तरी अधिकृत विक्रेत्याखेरीज दुसरीकडे जाऊं नये. आणि ज्या तेलवाल्याच्या हातांत वंगणाची पिचकारी असते, तो दर हंगामास नवा नसावा. त्याला कोणत्या बेअरिंगला किती व कोणतें वंगण, हें लिहून दिलेलें असावें.

सभासदांनीं विचारावयाचें तें थोडक्यांत असें: हंगामांतील अवचित बंदाचे एकूण तास किती, त्यांत एकाच यंत्रानें दोनदां दगा दिला असें किती वेळां घडलें, आणि प्रत्येक बंदाचें मूळ कारण शोधून तें कोणाच्या सहीनें नोंदलें गेलें? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल, तर पहिल्या दोहोंच्या आंकड्यांवर विसंबूं नये. वार्षिक सभा कायद्यानें सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावयाची असते, आणि तोंवर दुरुस्तीचें बरेंचसें काम उरकलेलें असतें. तेव्हां हे प्रश्न सभेच्या दिवसाची वाट न पाहतां हंगाम संपल्यावर महिनाभरांत कार्यकारी संचालकांकडे लेखी पाठवावे व त्यांची पोंच घ्यावी.